पांढऱ्या खुणेवरची सीट

गाडीत बारा वस्तू निघाल्या. कँटीनच्या तीन पावत्या, गंजलेला पाना, दोन छत्र्या, त्यातल्या एकीची काडी मोडलेली, सुतळीचं बंडल, काच पुसायची दोन पिवळी फडकी, चष्म्याचं रिकामं घर, सुपारीची डबी आणि पाच मीटरचा स्टीलचा टेप. पायपोसाखाली नाचणीचे चार दाणे होते; ते धरले तर सोळा. ड्रायव्हरच्या सीटवरच्या दोन उशा संयोगिताने मोजल्या नाहीत, कारण त्या तिच्या स्वतःच्या होत्या.

मग तिने तोच टेप ताणून सीटच्या पुढच्या कडेपासून क्लचपर्यंतचं अंतर घेतलं. अठ्ठावन्न सेंटिमीटर. चौदा महिन्यांपूर्वी घेतलं तेव्हाही एवढंच होतं.

चौदा महिन्यांपूर्वी तिचे वडील, सुभेदार जोतीराम, साताऱ्याच्या लष्करी कँटीनमधून महिन्याचं सामान घेऊन मेढ्याला परतले. गाडी नेहमीसारखी तोंड रस्त्याकडे करून लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर गेले, ते चालत परत आले नाहीत.

सव्वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाच्या घरात प्रत्येक वस्तूला तिची जागा होती. ड्रायव्हरच्या सीटखालच्या रुळावर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढली होती. ती त्यांची खाच. संयोगिता गाडी शिकत होती तेव्हा सीट पुढे ओढायला तिला मुभा होती, पण उतरताना ती रेघेवर परत गेलीच पाहिजे. ते वाकून बघायचे. एखादी खाच चुकलेली दिसली तर रागवायचे नाहीत, नुसतं ‘हूं’ करायचे. तेवढ्याने ती पुन्हा दार उघडायची.

ते गेल्यावर बॅटरी बसू नये म्हणून ती दर रविवारी गाडी केळघरपर्यंत फिरवून आणायची, पाठीशी दोन उशा लावून. शेजारचे कृष्णातकाका ओट्यावरून बघायचे आणि म्हणायचे, घोड्यावर नवरदेव बसवल्यागत दिसतीस, सीट ओढ की पुढं. ती हसून वेळ मारून न्यायची. रेघ होती, सीट परत मागे नेता आली असती. एम.एस्सी. झालेल्या मुलीला हे कुणी शिकवायला नको होतं. पण मग ती तिने लावलेली सीट झाली असती. आत्ता होती ती बाबांनी लावलेली.

आता तिला बंगळूरला संशोधनाची जागा मिळाली होती. आई, विजयमाला, गाडी चालवत नव्हती, आणि ताडपत्रीखाली एकदा उंदरांनी वायरही कुरतडली होती. सांगलीतली एक संस्था खेड्यातल्या पेशंटना डायलिसिससाठी मिरजेला नेते-आणते, तिला गाड्या कमी पडतात, असं आईनेच पेपरात वाचलं. उभ्या उभ्या सडण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडू दे, असं ती म्हणाली. गाडी बाबांच्या नावावरून आईच्या नावावर करण्यात दोन महिने गेले.

संस्थेचं काम बघणाऱ्या जिनपालकाकांना संयोगिताने फोनवर खूप विचारलं. दिवसाला फेऱ्या किती, सर्व्हिसिंग कुठे करता. शेवटी तिने ड्रायव्हरची उंची विचारली.

“आवं ताई, गाडी देताय का पोरगी?” जिनपालकाका म्हणाले. “आमचा तानाजी हाय. सहा फुटाला दोन बोटं कमी.”

दोन बोटं म्हणजे दीड इंच. बाबा पाच फूट अकरा होते. फरक अर्ध्या इंचाचा; सीटला हात लावायचं कारण नव्हतं. तिने त्याच दिवशी होकार कळवला.

निघायच्या सकाळी आईने गाडीला हळदकुंकू लावलं आणि पुढच्या सीटवर खण, नारळ आणि पाच किलो इंद्रायणी तांदूळ ठेवला. “लेकीला रिकामी धाडत न्हाईत,” एवढंच ती म्हणाली, आणि इंजिन सुरू होईपर्यंत बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

मेढा ते सांगली एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर भरले. पेठनाक्याला तिची पाठ अवघडली, तरी उशा सरकतील म्हणून ती चहाला उतरली नाही.

संस्थेच्या अंगणात एक म्हातारी बाकावर बसली होती, दंडाला पट्टी बांधलेली. जिनपालकाकांनी कागद तपासून घेतले, तांदूळ आत नेऊन ठेवला, आणि मग सहज बोलावं तसं सांगितलं की तानाजी काम सोडून गेला. विट्याचा मेव्हणा कोइमतूरला सोनं गाळतो, त्याच्या दुकानात. आठ दिवस झाले. आता चंदना चालवते.

चंदना पाच फूट असेल, फार तर अर्धा इंच वर. तीन वर्षं स्वतःच्या आईला एस.टी.ने डायलिसिसला नेलं होतं. आई गेल्यावर तिने लायसन काढलं. ती सीटवर बसली. तिचं पाऊल क्लचच्या अलीकडे हवेतच राहिलं. तिने सीटखाली हात नेला, मग उशांकडे बघितलं, मग संयोगिताकडे, आणि हात परत वर घेतला.

“ताई, उशा ठिवून जाताय का? मी तशीच चालवीन की,” ती म्हणाली. “सवय हुईल.”

संयोगिताला ‘हो’ म्हणायचं होतं. तिने उशा चंदनाच्या पाठीशी लावून पाहिल्या. क्लचला पायाचा अंगठा लागत होता, चवडा नाही. बाकावरच्या म्हातारीने तेवढ्यात पिशवी उचलून मांडीवर घेतली. तिची डायलिसिसला निघायची वेळ झाली होती.

“न्हाई,” संयोगिता म्हणाली. “उशा सरकतात. रिकाम्या रस्त्याला चालून जातं, गर्दीत न्हाई. उतरा जरा.”

चंदना उतरली. संयोगिताने उशा काढून बाकावर ठेवल्या. बाबा वाकायचे तशी ती दाराशी वाकली. रेघ शाबूत होती, सीट सरकवायचा दांडा बरोबर तिच्यावर. चौदा महिन्यांत दांडा कडक झाला होता. पहिल्यांदा हलला नाही. दुसऱ्यांदा तिने दोन्ही हातांनी धरला.

एक खाच सरकली. ती थांबली. मग पुढच्या, एकेक करून, आणि प्रत्येक आवाज तिने मोजला.

चंदना पुन्हा बसली. क्लच तळापर्यंत गेला. संयोगिताने पर्समधून बाबांचा टेप काढला, सीटच्या कडेला धरला आणि ताणला.

खाचा आठ. क्लचपर्यंत सेहेचाळीस सेंटिमीटर.