विड्रॉ

फिटर उभा जन्म कारखान्यात राबला. यंत्राचा पुस्तकातला नकाशा त्याला बघताक्षणी कळायचा, इंग्रजी मात्र कामापुरतंच यायचं. पण ते कबूल करायला जीभ रेटत नसे.

बायकोची फुप्फुसं निकामी होत चालली होती. इस्पितळातल्या नव्या औषधाच्या चाचणीत तिचं नाव लागलं आणि तीन महिन्यांत ती जिना चढू लागली. चौथ्या महिन्यात इस्पितळाचं इंग्रजी पत्र आलं. खाली दोन चौकटी होत्या: पार्टिसिपेट आणि विड्रॉ.

"शेजारच्या मास्तरांना दाखवा की," बायको म्हणाली.

"एवढ्याशा कागदासाठी? मला काय वाचता येत नाही?"

विड्रॉ त्याला पाठ होतं. बँकेत तीच चिठ्ठी भरली की आपले पैसे आपल्या हातात पडतात. पार्ट म्हणजे सुटा भाग. अर्धंमुर्धं औषध कशाला घ्यायचं? त्याने विड्रॉवर ठसठशीत खूण केली, बायकोची सही घेतली आणि स्वतः जाऊन कागद देऊन आला.

पुढच्या महिन्यात औषधाच्या खिडकीवर नर्सने यादी दोनदा पाहिली.

"काका, तुम्ही तर माघार घेतलीत. पार्टिसिपेट म्हणजे भाग घेणं, विड्रॉ म्हणजे अंग काढून घेणं."

"चुकून झालं हो. आत्ता बदलून देतो."

"काकूंची जागा दुसऱ्या पेशंटला दिली. आता परत घेता येत नाही."

तो डॉक्टरांकडे गेला, हातापाया पडला. डॉक्टरांनाही वाईट वाटलं, पण नियमापुढे त्यांचंही काही चालेना. जुन्याच गोळ्या घेऊन तो घरी आला.

बायकोने गोळ्या ओळखल्या. "मला सोडलं ना त्यांनी? आता काही आशा नाही म्हणून?"

हो म्हणाला असता तर सुटला असता. पण तिचा चेहरा बघून त्याला राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं.

ती बराच वेळ धापा टाकत राहिली. मग म्हणाली, "मास्तरांना विचारायला तुमचं काय जात होतं?"

तिचा जिना सुटला, मग स्वयंपाकघर, मग पलंगावरून उठणं. तो तिची वेणी घालायचा, पाठीला उशा लावायचा. ती नको म्हणत नसे. 'पाणी द्या', 'खिडकी उघडा', एवढंच बोलायची.

सातव्या आठवड्यात ती गेली. तोवर याहून जास्त एक शब्द ती त्याच्याशी बोलली नाही.