जन्माआधी तपासलेलं तेल

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. चकचकीत कोटातला तेलवाला व्यासपीठावरून बाटली नाचवत ओरडत होता, "गुडघा? दोन थेंब! झोप? दोन थेंब! सासूबाईंचा राग? चार!" लोक हसत होते आणि हसता हसताच रांगेत उभे राहत होते. तेल सीबीडीचं, म्हणजे भांगेच्याच झाडाचं. पण बाटलीवर ठळक छापलेलं, ‘नशा शून्य’.

त्या शून्यावर विसंबून बसड्रायव्हरनं महिनाभर तेल घेतलं होतं. गुडघा गप्प झाला, झोप तर अशी की बायकोनं गदागदा हलवावं. आणि परवा डेपोतल्या लघवीच्या तपासणीत नशा सापडली! "साहेब, नुसतं तेल घेतो हो!" "सगळे असंच म्हणतात," साहेब म्हणाले. सोमवारपर्यंत पुरावा दिला नाही, तर बावीस वर्षांची नोकरी गेली. बिचारा सभागृहाच्या कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता.

त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत कामाला. ती उभी राहिली. "अहो, तपासणीचा दाखला?"

"प्रत्येक बाटलीसोबत, ताई!" तेलवाल्यानं कागद फडकवला.

तिनं तो मोठ्यानं वाचला. "तपासणी, चार मार्च. बाटलीवर तेल भरल्याची तारीख, वीस मे. वा! बाळ जन्मायच्या आधीच वजन केलंत?"

"विज्ञान फार गहन असतं, ताई."

"डोंबलाचं गहन! प्रयोगशाळा समोर आलेली कुपी तपासते, तुमचं पिंप नाही. एक चांगली कुपी पाठवलीत, कागद मिळवलात, त्याच्या झेरॉक्स काढल्यात. दादाकडच्या तुमच्या तीन सीलबंद बाटल्या आम्ही तपासल्या. ‘दुप्पट ताकद’वालीत लिहिल्याच्या निम्मंही सीबीडी नाही. दुसरीत नुसतं खायचं तेल. आणि तिसरीत नशा!"

"पण मला गुण आलाय!" रांगेतून एक काका म्हणाले.

"आला असेल, काका. कशानं आला, ते बाटली भरणाऱ्यालाही ठाऊक नाही."

रांग विस्कटली. तेलवाल्याला अचानक दुसऱ्या गावची सभा आठवली.

सोमवारी बाटल्यांचा अहवाल वाचून साहेबांनी नोकरी ठेवली, पण लघवीची तपासणी स्वच्छ येईपर्यंत स्टिअरिंग काढून घेतलं. ड्रायव्हर सध्या चौकशीच्या खिडकीत बसतो. तेलाचं नाव कुणी काढलं की सांगतो, "तेलाला वाईट म्हणत नाही मी. पण बाटलीवरचा बॅच नंबर दाखल्याच्या कागदावर आहे का, तारीख जुळते का, एवढं तरी बघा. मी नाही बघितलं. आणि माझ्या मागं रोज साठ माणसं माझ्या भरवशावर बसली होती."