लेकीच्या घरचं पाणी

घाट म्हणजे काय ते मला बावन्न वर्सं म्हाईत न्हवतं, आन् त्यावाचून माझं काही अडलंबी न्हवतं. आमचं गाव राणीसावरगाव, तालुका गंगाखेड. गंगाखेडकडं जाताना दोन-चार उतार लागतात, तेवढाच आमचा डोंगर. असल्या माणसांनी पन्नाशी उलटल्यावर दोन मोटारसायकली काढायच्या आन् पार महाबळेश्वर ओलांडून कोकणात उतरायचं, ही अक्कल भुजंगाची. मी सोबत गेलो ते बायनावहिनीसाठी.

माझी पिठाची गिरणी हाय. भुजंग माझा पहिलीपासूनचा दोस्त, आन् बायनाबाई त्याची बायको. बाई गुडघ्यानं बेजार, तरी पायी गिरणीत आली आन् पट्ट्याच्या आवाजात वरडून म्हणली, "परमेश्वर भाऊजी, तेंला लेकीकडं पोचवा! निस्तं दारापोत्तर न्हाई, ताटापोत्तर!"

म्या गिरणी बंद केली. हे असं वरडून बोलायचं न्हवतं.

आमच्याकडं जुन्या घरांत एक रीत हाय. लेक दिली की तिला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरी जेवायचं न्हाई, पाणीसुदिक प्यायचं न्हाई. आता कोण पाळतंय? मी माझ्या लेकीच्या घरी लग्नाच्या आठव्या दिवशी आमरस हाणून आलो. पण भुजंग पडला हेकट. अपेक्षाचं लग्न होऊन सहा वर्सं झाली. पहिली तीन वर्सं ती गंगाखेडातच व्हती. हा दर आठवड्याला जायचा, ज्वारी, भाजी, तूप दारात ठेवायचा, ओट्यावर तासभर बसायचा, आन् तहान लागली की उठून समोरच्या हाटेलात पाणी प्यायचा. पोरगी दारात उभी राहून बघायची.

मग जावई योगीराज जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागला, कोकणात, पोलादपूरच्या पलीकडच्या एका वाडीवर. तिथं अपेक्षाचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. वहिनी जाऊन दोन महिने राहून आली. मग दवाखाने सुरू झाले, इंजेक्शनं झाली, काही लागू पडलं न्हाई. आन् या संक्रांतीला पोरीनं बापाला फोनवर सांगितलं, "बाबा, यायचं आसल तर जेवायला या. माझ्या दारात उपाशी बसून मला वांझ म्हणायचं आसल तर येऊच नका."

भुजंग दोन दिवस रानातच ऱ्हायला. तिसऱ्या दिवशी म्हणला, "जातो." जेवणार का, ते काही सांगंना.

"यष्टीनं जाऊ," मी म्हणलो.

"न्हाई. गाडी आपली आसली की कुठूनबी परत फिरता येतं."

तवाच मी वळखलं, गडी अर्ध्या मनानं निघालाय. म्हणून आमच्या दोघांचा दोस्त ग्यानबा, त्यालाबी संगं घेतलं. ग्यानबाची शंभरेक मेंढरं हायत, ती बायकोवर सोपवून तो आला. ग्यानबा बोलतो कमी आन् घाई कशाचीच करत न्हाई. माझं दोन्ही बाबतीत उलटं. ग्यानबा माझ्या गाडीवर मागं बसला. भुजंग एकटा, त्याच्या मागं ज्वारीच्या पिठाची थैली आन् पाच लिटर पाण्याचा कॅन बांधलेला.

"कॅन कशाला रे?"

"वाटंनं लागतं."

"वाटंनं हाटेलं मेलीत का?"

त्यानं कॅनची दोरी आणखी आवळली. मला असा राग आला की परळी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो न्हाई. हेल्मेट घालून तसंबी काय बोलता येतंय म्हणा.

पहिला मुक्काम बार्शीला झाला. दुसऱ्या दिवशी टेंभुर्णी, अकलूज, फलटण करत वाईला पोचलो. रस्ता सरळ, दोन्हीकडं ऊस, ढुंगण मात्र कामातून गेलं. वाईच्या खानावळीत भुजंगानं पाण्याचा गिलास हातात धरला आन् नुसता बघत बसला.

"पर्म्या, लग्नाआधी ती मला रानात पाणी आणायची. कळशीला ओलं फडकं गुंडाळून आणायची. लय गार आसायचं."

"मग उद्या पी की तिच्याच हातचं!" मी म्हणलो. "कोण तुझं नरडं धरायलंय? कोणत्या शास्तरात लिहिलंय रे? अडाण्यासारखं करू नको."

त्यानं गिलास खाली ठेवला. ग्यानबानं माझ्या पायावर पाय दिला, म्हणून मी भाकरीकडं वळलो.

तिसऱ्या दिवशी पसरणीचा घाट लागला. देवा! एक वळण संपलं म्हणावं तर दुसरं तयार. वाई खाली कधी डावीकडं दिसायची, कधी उजवीकडं. माझे हात हँडलला असे चिकटले व्हते की वर पाचगणीत चहाचा कप धरताना बोटं उघडंनात. ग्यानबा मात्र मागं बसून खुशाल दऱ्या बघायलाय, "पर्म्या, चारा लय हाय रे इथं," म्हणायलाय. पुढं रस्त्याच्या कडंला स्ट्रॉबेरी घेतली. ग्यानबानं एक खाल्ली, इचार केला आन् म्हणला, "आपली बोरं बरी." तीन दिवसांत भुजंग पहिल्यांदा हसला. मलाबी बरं वाटलं. भांडण कितीबी करू, त्याचं तोंड उतरलेलं मला बघवत न्हाई.

महाबळेश्वर ओलांडलं आन् पोलादपूरकडं उतरणारा आंबेनळीचा घाट सुरू झाला. तिथं आमच्या गावाची हुशारी नडली.

आमच्याकडं उतार दिसला की गाडी न्यूट्रल करायची आन् चावी बंद. तेवढंच पेट्रोल वाचतं. आमच्या बापांनी हेच केलं, आमीबी हेच करतो. आमचा उतार असतो अर्धा किलोमीटर. हा घाट उतरता उतरता संपंना. मी दोन वळणांतच भेलो आन् गाडी चालू करून गिअर टाकला. भुजंग मात्र पुढं बिनआवाजाचा सुटला. त्याचा ब्रेकचा दिवा लागलेलाच, लागलेलाच, आन् मग जळका वास आला.

"भुजंगा! गिअर टाक! गिअर!" मी बोंबललो. हेल्मेटात कुणाला ऐकू जातंय!

ब्रेक तापून ढिले पडले व्हते. पुढच्या वळणावर दरी दिसली आन् त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली, रस्त्याकडंच्या पाण्याच्या चारीत. गाडी आडवी, पिठाची थैली एकीकडं, भुजंग एकीकडं. मी गाडी कशी लावली, कसा पळालो, मला आठवत न्हाई. तो उठून बसला व्हता. कोपर सोललं व्हतं, बाकी धड व्हता. म्या त्याला आधी छातीशी धरलं आन् मग आईमाईवरून शिव्या घातल्या.

"परत जाऊ," तो म्हणला.

"काय?"

"मला भ्या वाटायलंय, पर्म्या. घाटाचं न्हाई. पोरीचं."

"आता परत जायचं म्हणजे हाच घाट चढायचा, मूर्खा! आन् वहिनीला काय सांगू? तुझा नवरा चारीत पडला आन् चारीतूनच माघारी आला?"

तो मान खाली घालून बसला. मला आणखी लय बोलायचं व्हतं, पण ग्यानबानं हात वर केला. त्यानं गाडी उभी केली, थैली आन् कॅन परत बांधला, चाकं फिरवून बघितली. ब्रेक गार होईस्तोवर आमाला बसवून ठेवलं. मग भुजंगाला म्हणला, "पहिल्या गिअरमधी घाल. चावी बंद करायची न्हाई. मी पुढं चालतो, तू माझ्या मागं ये."

"चालतो म्हणजे?"

"पायी. उतारावर मेंढरं मोकळी सोडत न्हाईत. आपण पुढं चालायचं, म्हणजे ती दमानं उतरतात."

आन् खरंच, खांद्यावर उपरणं टाकून ग्यानबा आंबेनळीच्या घाटात रस्त्याच्या कडंनं चालायला लागला. मागं भुजंगाची गाडी घूं घूं करत, तिच्या मागं मी. मोटारीतली माणसं काचा खाली करून बघायलेत, एकानं तर फोटो काढला. तीन वळणं झाल्यावर भुजंगाचे खांदे सैल झाले. चौथ्या वळणावर त्यानं हॉर्न दिला आन् म्हणला, "बस मागं, ग्यानबा. जमायलंय." तिथून पुढं ग्यानबा थैली मांडीवर घेऊन त्याच्याच मागं बसला, त्याच्या पाठीवर हात ठेवून.

वाडीवर पोचलो तवा दुपार टळली व्हती. शाळेच्या बाजूलाच कौलारू घर. योगीराज पळत आला, पाया पडला, "मामा, फोन का केला न्हाई, मी पोलादपूरला आलो आसतो," म्हणला. मागून अपेक्षा आली. वाळली व्हती पोरगी. बापाकडं बघून हसली, मग तिची नजर गाडीकडं गेली. कॅन अजून तिथंच व्हता, अर्धा भरलेला. तिचं हसू गेलं. ती आत वळली.

त्या वक्ताला तो कॅन भुजंगाच्या डोक्यात घालावा वाटला मला.

आमी पडवीत बसलो. योगीराजनं तीन गिलास पाणी आणलं. मी पेलो, ग्यानबा पेला. तिसरा गिलास तसाच ऱ्हायला. योगीराज बिचारा कधी गिलासाकडं बघतो, कधी दाराकडं. तेवढ्यात अपेक्षा बाहेर आली, हातात हळद आन् कोमट पाण्याचं भांडं. बापाचं सोललेलं कोपर तिनं बघितलंच व्हतं. खाली बसून धुवायला लागली.

"कुठं पडलात?"

"घाटात."

"पाणीबी प्यायचं न्हवतं तर एवढ्या लांबून मरायला आलात का, बाबा?"

"तुला वांझ म्हणायला न्हाई आलो गं."

"मग कामून करता असं? सहा वर्सं झाली! गंगाखेडात मी दारात उभी आसायची आन् तुमी हाटेलात पाणी प्यायचात. समदी गल्ली बघायची."

भुजंग कोपराकडं बघत बोलला. "तुझं बाळ गेलं तवा समदे म्हणायले, आता कशाचं काय. भाऊबंद म्हणले, शेजारी म्हणले. तुझी आईबी रडून म्हणली. मी एकटाच म्हणायलो, हुईल. लेकरू व्हायच्या आधीच मी पाणी पेलो आसतो तर मीबी त्यांच्यातलाच झालो आसतो. मग तुझ्या बाजूनं आस धरून कोण बसलं आसतं?"

पहिलीपासूनचा दोस्त म्हणवतो मी, आन् कालच वाईत त्याला अडाणी म्हणलो व्हतो. माझी मलाच लाज वाटली.

अपेक्षाचा हात थांबला. मग हळू म्हणली, "बाबा, आमी दोघांनी दिवाळीत ठरवलं. आता दवाखाना न्हाई. मला सोसवना झालं. आईला सांगितलं न्हाई, तुमालाबी सांगायला जीभ रेटंना. आमी बरे हावोत. शाळंतली लेकरं दिवसभर घरातच आसतात. मी आस सोडली बाबा, आन् सोडल्यावर मला झोप लागायली. आता तुमी धरून बसू नका. मला बाप पायजे. माझ्या घरात जेवणारा."

भुजंगाचे डोळे भरून आले. त्यानं विचारलं ते एवढंच, "इंजेक्शनं लय दुखली का गं?"

तिनं मान हलवली आन् त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तो तिच्या केसांवरून हात फिरवत ऱ्हायला. आपल्या लेकीसाठी त्यानं सहा वर्सं तहान सोसली व्हती, आन् आता तिच्याचसाठी ती आस सोडायची व्हती. मला वाटलं, हे त्याला जमायचं न्हाई.

त्यानं दुसरा हात लांब केला, गिलास उचलला आन् पाणी पेला. सावकाश, सगळा. मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणला, "वाढ बाई. सकाळपासून पोटात काही न्हाई."

तिनं चूल पेटवली, ज्वारीच्या भाकरी थापल्या. आमी चौघं पंगतीला बसलो. भुजंग खाली मान घालून जेवायला, एक भाकरी झाली, दुसरी झाली. तिसरी मोडताना त्यानं मान वर केली आन् म्हणला, "आमटीत मीठ कमी हाय."

योगीराजचा घास हातातच ऱ्हायला. मी मनात म्हणलो, झालं, घातली माती! खरं सांगतो, मीठ बराबर व्हतं. अपेक्षा एकदा आमटीकडं बघायली, एकदा बापाकडं. मग तिला हसू फुटलं आन् हसता हसता ती रडायलाच लागली.

"सहा वर्सांनी जेवायलेत आन् नावं ठेवायलेत!"

"मग? तुझ्या आईच्या सैपाकाला न्हाई का ठेवत रोज? घरात जेवायचं म्हणलं की बोलणारच."

ती मीठ आणायला आत गेली आन् लवकर बाहेरच येईना. आतून नाक ओढल्याचा आवाज यायला व्हता. मीठ घेऊन आली तवा भुजंगानं वाटी बोटानं पुसून खाल्ली व्हती, आन् आणखी वाढ म्हणून पुढं धरली व्हती.