वाक्य पुरं होईपर्यंत

मी गांडूळ बोलतोय. खरं नव्हे, प्लास्टिकचं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ज्यांनी ज्यांनी मला खरं समजून तोंडात घेतलं, त्यांची पुढे फसगत झाली.

माझा जन्म अलाबामातल्या एका तळ्याकाठी, आर्डिथबाईंच्या घरामागच्या शेडमध्ये झाला. बाई एका जुन्या पातेल्यात प्लास्टिक वितळवत, त्यात रंग घालत, मूठभर मीठ घालत, बडीशेपेच्या वासाचे थेंब टाकत आणि साच्यात ओतत. मी निवून बाहेर आलो तो पिकल्या जांभळाच्या रंगाचा, वीतभर लांब, शेपटीकडे निमुळता. बाईंनी मला चिमटीत धरून हलवलं. मी हललो. "हा बरा झालाय," त्या म्हणाल्या. माझं आयुष्यातलं कौतुक एवढंच, पण ते मला पुरलं.

मीठ कशाला, असं तुम्ही विचाराल. बास नावाचा जो मासा या तळ्यात राहतो, तो कडक काही तोंडात आलं की लगेच थुंकून टाकतो. मी मऊ आणि खारट. मला तो थुंकत नाही, घोळवत बसतो. आणि कुणी वेळेवर काठीला हिसका दिला नाही, तर सरळ गिळून टाकतो. मग माझ्या पोटात लपवलेला गळ त्याच्या ओठात न रुतता घशात रुततो. ओठातला गळ काढला की मासा शेपूट हलवत घरी जातो. घशातला गळ ओढला तर घरी जाणारं कुणी उरत नाही.

म्हणजे सगळं त्या हिसक्यावर आहे. आणि हिसका होता वर्लनच्या हाती.

वर्लन हा आर्डिथबाईंचा धाकटा भाऊ. सत्तरी ओलांडली होती, तरी त्या घरात तो धाकटाच. जन्मभर त्याने न्हाव्याचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं असलं, तरी स्वतःचं वाक्य पुरं झाल्याशिवाय त्याची कात्री पुढे सरकत नसे. हे वळण त्यांच्या आईचं. बोलायला घेतलंस तर पुरं बोल, आणि मोठं माणूस बोलत असेल तर मध्ये तोंड घालू नकोस, असं तिने दोघांना शिकवलं होतं. चर्चमधल्या प्रवचनात ही सवय शोभून दिसते. होडीत ती माशांच्या जिवावर उठते.

माझ्या आधीची भावंडं याला साक्षी होती. माशाने तोंड घातलं की दोरीवर टिचकी बसायची, आणि वर्लन तेव्हा कुणाच्या तरी जावयाच्या ट्रॅक्टरबद्दल सांगत असायचा. तो सांगणं संपवायचा, मग हिसका द्यायचा. तोवर मासा जेवून मोकळा झालेला असे. आर्डिथबाई पाण्यावरच्या लाकडी धक्क्यावर खुर्ची टाकून हे बघत.

"वर्लन, तू मासे पकडतोस की त्यांना जेवू घालतोस?"

"ताई, वाक्य अर्धवट कसं सोडू?"

"मासा अर्धमेला सोडतोस तो? त्याचं काय?"

यावर तो एक नवी गोष्ट सुरू करी.

बाईंच्या धक्क्याखाली एक फार मोठी मासळी राहत होती. बाई तिला युनिस म्हणत. चर्चमध्ये पूर्वी युनिस नावाच्या बाई ऑर्गन वाजवत. पाद्री कितीही घाई करोत, त्या आपल्याच चालीने वाजवत. ही मासळीही तशीच. ऊन चढलं की खांबाच्या सावलीतून निघायची, धक्क्याला एक संथ फेरी घालायची आणि परत जायची. तळ्याकाठच्या सगळ्यांनी तिला पकडायचे प्रयत्न करून पाहिले होते. बाईंनी मात्र भावाला सक्त ताकीद दिली होती, की माझ्या धक्क्याखाली गळ टाकायचा नाही. "तुझ्या तोंडापायी ती मरायची," हे कारण.

मग त्या वसंतात बाईंचं घर सोडायचं ठरलं. गुडघ्यांना पायऱ्या झेपेनात. त्यांची मुलगी लोर्ना अलाबामातच बर्मिंगहॅम शहरात राहते, तिने एक खोली रिकामी करून ठेवली. शनिवारी जावई ट्रक घेऊन येणार होता. बाई सगळ्यांना सांगत होत्या की खोली छान आहे. वर्लन ते ऐकायचा आणि मान हलवायचा. ताईने ठरवलं आहे, त्यात आपण काय बोलणार, असं तो स्वतःला सांगायचा. या एकाच विषयावर त्याला मत असून तो बोलत नव्हता.

निघायच्या आठवड्यात बाईंनी उकडलेल्या शेंगा सोलता सोलता सांगून टाकलं.

"मला जायच्या आधी युनिसला एकदा हातात घेऊन बघायचंय. इतकी वर्षं वरूनच पाहिली. तू पकडून दे."

वर्लनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आणि ती परत पाण्यात गेली पाहिजे. जिवंत. तिला मारून मी इथून जाणार नाही, वर्लन. मला तिथं झोप लागायची नाही."

"ताई, मी तोंड उघडणार नाही."

"हे बोलायलाच तुला किती वेळ लागला बघ."

त्या आठवड्यात वर्लनने मुक्याने बोलण्याचा, म्हणजे न बोलण्याचा सराव केला. पलीकडच्या काठाला जाऊन तो लहानसहान मासे धरू लागला. टिचकी बसली की दोरीतली ढील काढायची, ती ताणायची, हिसका. एकूण एक मासा ओठाला लागला. मी त्या दिवसांत बऱ्याच तोंडांत जाऊन आलो, आणि प्रत्येक वेळी दारातूनच परत फिरलो. बाईंनी पकडीने गळाच्या टोकाजवळचं उलटं कुसळही दाबून सपाट केलं होतं, म्हणजे सुटताना मांस फाटू नये. आमची तयारी चोख होती.

गुरुवारी सकाळी दोघं सपाट बुडाच्या होडीत बसली. बाईंनी मांडीवर ओला टॉवेल घेतला होता. वर्लनने मला खांबाच्या सावलीत अलगद सोडलं. मी खाली खाली गेलो, तळाशी टेकलो आणि शेपूट वर करून उभा राहिलो. मला एवढंच येतं.

युनिस आली. तिने मला बराच वेळ बघितलं. मग पाणी एकदम आत खेचलं गेलं आणि उजेड गेला. वर काठीच्या टोकावर दोन हलक्या टिचक्या बसल्या असणार. वर्लनने ढील काढली. हात उचलायला सुरुवात केली. तोंड घट्ट मिटलेलं होतं.

आणि नेमक्या त्याच क्षणी आर्डिथबाई बोलायला लागल्या.

"वर्लन, लोर्नाची खोली चांगली आहे रे," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "उजेड येतो, न्हाणीघरात धरायला दांडी आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही, आणि पोर मनापासून बोलावतेय, तिचं मन कसं मोडायचं, आई गेली तेव्हाही मी हेच म्हटलं होतं की कुणाला आपलं ओझं व्हायचं नाही..."

वर्लनचा हात हवेत थांबला. ताई बोलत होती. दोरी तिरकी सरकायला लागली होती, ते त्याला दिसत होतं, आणि सत्तर वर्षांचं वळण त्याच्या मनगटावर बसलं होतं. मी दाढांपलीकडे गेलो. बासला दाढा नसतात म्हणा, पण जिथं असत्या त्याच्या पलीकडे.

"...पण मला इथून जायचंच नाही रे," बाईंनी वाक्य संपवलं.

तेव्हा वर्लनने हिसका दिला.

युनिस वर आली ती जड, शांत, आणि तोंड उघडल्यावर आत मी दिसतही नव्हतो. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"गिळलं तिने," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे."

"ताई, टॉवेल नको, तिचा चिकट थर निघेल. हात ओले कर. खालून धर. अशी."

बाईंनी तिला दोन्ही हातांनी धरलं. इतकी वर्षं ज्यासाठी थांबल्या, ते हातात आलं होतं, आणि त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

"ओढू नकोस, वर्लन."

"नाही ओढत. नाहीच निघाला तर दोरी कापून गळासकट सोडू. तशीही जगतात. आधी बघतो तर खरं."

त्याने तिला पाण्यात बुडवून श्वास घेऊ दिला, मग लांब चिमट्याने आधी मला खेचून काढलं. माझी शेपूट आतच तुटली. मग त्याने कल्ल्याचं झाकण बोटाने उचललं, लाल झालरींना धक्का न लावता त्या बाजूने चिमटा आत सरकवला आणि गळाचा दांडा धरून हळूच उलटा फिरवला. आयुष्यभर लोकांच्या कानांभोवती कात्री चालवलेला तो हात जराही हलला नाही. गळ कोलांटी खाऊन सुटला. रक्ताचा एकच थेंब आला.

"शेपूट राहिली आत," बाई म्हणाल्या. "तीही काढ. प्लास्टिक तिला पचायचं नाही."

त्याने तीही काढली. मग बाईंनी युनिसला पाण्यात धरून ठेवलं. ती तिरकी होत होती, सरळ होत होती. मग युनिसने शेपटीचा एक फटका मारला, बाईंच्या तोंडावर पाणी उडवलं आणि आपल्याच चालीने खांबाच्या सावलीत निघून गेली. बाई हसत होत्या की रडत होत्या, ते ओल्या चेहऱ्यावरून कळेना. मला तर फार बरं वाटलं. मी कुणाच्या मरणाला कारण झालो नाही, हे माझ्या धंद्यात थोडं नाही.

तळ्यात प्लास्टिक टाकायचं नाही हा बाईंचा नियम, म्हणून माझे दोन्ही तुकडे वर्लनच्या सदऱ्याच्या खिशात गेले. तिथूनच मी पुढचं ऐकलं. दोघं धक्क्यावर बसून चीजचं सँडविच खात होती, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"हो गं लोर्ना. शनिवारीच. ये, ये. माझं काय, दोन पेट्या भरून ठेवल्यात, आणि मी अगदी आनंदाने..."

"ताई, पुरे," वर्लन म्हणाला.

खिशाखाली त्याचं काळीज धडधडत होतं. जन्मात पहिल्यांदा त्याने तिला मध्येच तोडलं होतं.

"माझं बोलणं चाललंय, वर्लन."

"सकाळी मी ते पुरं ऐकून घेतलं आणि मासळी मरता मरता वाचली. आता नाही ऐकणार. दे इकडे." त्याने फोन घेतला. "लोर्ना, मी मामा. तुझ्या आईला यायचं नाही. नाही, आजारी नाही, नुसतं यायचं नाही. पायऱ्यांना कठडा मी लावतो, न्हाणीघरात दांडीही लावतो, आणि रोज सकाळी इथं येऊन बसतो. तुला वाईट वाटेल, मला ठाऊक आहे."

मग लोर्नाचा आवाज खिशापर्यंत पोचला.

"मामा, हे तिने मला का नाही सांगितलं?"

"सांगते गं ती. पण वाक्याच्या शेवटी सांगते."

आज शनिवार. ट्रक आलेला नाही. मी शेडमधल्या कॉफीच्या डब्यात आहे, दोन तुकड्यांत, इतर फाटक्या गांडुळांसोबत. बाहेर वर्लन कठड्याला भोकं पाडतोय आणि बोलतोय, आणि बाई त्याला दर वाक्याला तोडताहेत. त्यांनी शेगडी पेटवली आहे. आम्हा सगळ्यांना एकत्र वितळवून पुन्हा साच्यात ओततील. रंग कुठला येईल, सांगता येत नाही.

जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. दोरी हलली की हिसका द्या. पलीकडचं बोलणं संपायची वाट बघू नका. मला अजून बरंच सांगायचं आहे, पण बाईंनी डबा उचललाय. मध्येच तोडलं तर मी राग मानणार नाही. या घरात आता तीच रीत आहे.