अठ्ठेचाळीस खणांचा राग

मी एक जुनी मांडणी आहे, मित्रांनो. जोडे ठेवायची, अठ्ठेचाळीस खणांची, आणि सध्या अतिशय चिडलेली. स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा हळव्या असतात. छत्री रडते, फळा उसासे टाकतो. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी आधी रागावणार आहे आणि मग, वेळ उरला तर, शहाणपणाचं काहीतरी सांगणार आहे.

माझा जन्म अमेरिकेतलाच. रेडमंडपासून गाडीने तीन तासांवर, डोंगरात, गरम पाण्याचा एक झरा आहे. त्याच्यामागे सीडरचं एक झाड वादळात पडलं आणि त्यातून मी झाले. मला घडवणारा किंजी हा जपानी सुतार जवळच्या लाकडाच्या गिरणीत कामाला होता. सुट्ट्यांच्या दिवशी खपून त्याने झऱ्यावर आपल्या देशाच्या पद्धतीचं एक विश्रामगृह उभं केलं. मागे अंघोळीचं कुंड, खोल्यांमध्ये तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, आणि दारात मी. तातामीवर बाहेरचे बूट पडले की ती फाटते, म्हणून दारातच जोडे काढायचे, असा नियम होता.

माझी मापं मात्र किंजीने जपानहून आणली नव्हती. झाडं तोडणारे मजूर त्या काळी गुडघ्याला टेकतील असे उंच बूट घालत. किंजीने गिरणीतल्या मजुरांना ओळीने उभं करून प्रत्येकाचा बूट मोजला आणि माझी खालची ओळ तेवढी उंच केली. मला जपानात नेलं तर ही कसली मांडणी म्हणून लोक हसतील, असं तो म्हणायचा. हे लक्षात ठेवा. माझा सगळा राग या एका गोष्टीवर उभा आहे.

सत्तर वर्षं मी काम केलं. बर्फाने भिजलेले बूट सांभाळले, लहान मुलांचे एकेकटे हरवलेले जोडे सांभाळले. मोठमोठे साहेब माझ्यापाशी वाकले आणि मोज्याला भोक पडलेलं पाहून लाजले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. किंजीची मुलगी तोमिको मला रोज कोरड्या फडक्याने पुसायची. वडिलांमागे चाळीस वर्षं तिने ते घर चालवलं.

आता श्रीरंगविषयी सांगते. हा पुण्याचा, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. बायको आसावरी, मुलगी अनिका. पहिल्यांदा आले तेव्हा दारात नवखी माणसं नेहमी गोंधळतात तसे ते गोंधळले नाहीत. कोणी सांगण्याआधी तिघांनी जोडे काढून माझ्या खणांत सरळ लावले. तोमिकोला इतका आनंद झाला की तिने त्यांना जास्तीचा चहा पाजला. पुढे दर हिवाळ्यात ते येत राहिले.

तोमिको थकली. तिला मूलबाळ नव्हतं. घर घ्यायला बरेच जण आले, पण तिने श्रीरंगला निवडलं. "तुला शिकवावं लागलं नाही," एवढंच कारण तिने त्याला सांगितलं. मीही निर्धास्त झाले.

पहिल्याच वसंतात श्रीरंगने नूतनीकरण काढलं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून देवांग नावाचा इंटिरियर डिझायनर आला. त्याने दारात उभं राहून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे फारच जपानी दिसतंय, यार. एंट्रीला लोकल फील हवा. जुन्या करवती, हरणाची शिंगं, असं काहीतरी. हा रॅक काढून टाकू आणि याच्या फळ्यांचं वॉल पॅनल करू."

"आणि लोक शूज कुठे ठेवतील?" आसावरीने विचारलं.

"शूज काढायचेच नाहीत. तातामी काढून विनाइलची प्लास्टिक फरशी टाकू. गेस्टना शूज काढायला लावले की रिव्ह्यू खराब येतात."

श्रीरंगने मान डोलावली. "खरंय. अमेरिकन लोकांना ऑकवर्ड होतं."

"आपल्या घरी प्लंबरलासुद्धा तू शूज काढायला लावतोस."

"घर वेगळं, बिझनेस वेगळा," श्रीरंग म्हणाला.

मित्रांनो, मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या डोंगरात मी उगवले तिथेच मी परकी? वीस वर्षं या देशात राहूनही कुणी "मूळचे कुठले?" विचारलं की या श्रीरंगच्या कपाळाला आठी पडते, ती मी दर हिवाळ्यात पाहिली आहे. आणि माझ्या बाबतीत त्याने तो प्रश्नसुद्धा विचारला नाही. विचारला असता तर तोमिकोने सांगितलं असतं.

मला उचलून बाहेर पडवीत टाकलं. चटया गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत घातल्या. माझ्या जागी भिंतीवर गंजलेली करवत आली. ती ऑनलाइन मागवली होती आणि तिचा गंजसुद्धा रंगवलेला होता. सोमवारी सुतार येऊन माझ्या फळ्या सुट्या करणार होता.

शनिवारी तोमिको आली. नवं घर पाहायला श्रीरंगनेच तिला बोलावलं होतं. पाऊस पडत होता आणि तिच्या आधी आलेल्या पाहुण्यांनी आत चिखलाचे ठसे उमटवले होते. ती माझ्याजवळून गेली, पण माझ्यावर ताडपत्री असल्याने तिने मला ओळखलं नाही. ताडपत्रीच्या फटीतून मला दार स्वच्छ दिसत होतं.

"या, या. शूज राहू द्या, आता काढायची गरज नाही," श्रीरंग इंग्रजीत म्हणाला.

तोमिको खाली वाकली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, एका हाताने भिंत धरून तिने दोन्ही जोडे काढले. मग ते ठेवायला डावीकडे वळली, जिथे ती आयुष्यभर वळत आली होती. तिथे करवत होती. मग ती जोडे हातात घेऊन आत गेली. चिखलाच्या ठशांवरून चालून तिच्या पांढऱ्या मोज्यांचे तळवे भिजले. तिने सगळ्या खोल्या पाहिल्या आणि दिवे छान आहेत असं म्हणाली.

"डॅड, शी इज होल्डिंग हर शूज," अनिका म्हणाली. ती कॉलेजातून सुट्टीवर आली होती. "अजूनही."

श्रीरंगने पुढे होऊन हात केले. "द्या, मी धरतो."

तोमिकोने दिले नाहीत. "मला सवय आहे," ती म्हणाली, आणि तसेच हातात जोडे घेऊन पावसात गाडीकडे चालत गेली. तिने ते घातले नाहीत.

श्रीरंगने सुताराला येऊ नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याने आणि आसावरीने मला उचलून पुन्हा दारात आणलं. त्या वेळी माझी उंच ओळ पाहून त्याने "ही खालची एवढी मोठी का?" असं अनिकाला विचारलं. तिला काय ठाऊक असणार?

आज मी दारात आहे. लोक जोडे काढतात आणि मोज्यांनी प्लास्टिकवर चालतात. चटया गेल्या त्या गेल्या. तोमिको त्यानंतर आलेली नाही. श्रीरंग मला रोज पुसतो. मला बरं वाटावं अशी त्याची इच्छा दिसते. मला बरं वाटलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, शहाणपणाचं ते आता सांगते. तुम्ही मोठे व्हाल, घरं विकत घ्याल, जुनं काढून नवं कराल. खुशाल करा. पण एखादी वस्तू हलवण्याआधी, तिच्यापाशी जो रोज वाकत आला आहे त्याला विचारा. श्रीरंगकडे तोमिकोचा नंबर होता. एक फोन केला असता तर त्या बाईचे मोजे कोरडे राहिले असते.