सावलीत वाळवलेला तुकडा

माझी मुलगी अनुजा कॉलेजच्या प्रयोगशाळेत एरोजेल बनवते. म्हणजे सिरॅमिकच, पण आत भोकंच भोकं आणि त्यांत हवा. आधी ते जेलीसारखं ओलं असतं. त्यातलं पाणी जसं काढाल तसा तुकडा बनतो.

एक तुकडा तिने गोठवून सुकवला, त्याचा आकार टिकला. दुसरा दाबाच्या यंत्रात सुकवला, तो सगळ्यांत हलका झाला. तिसरा साध्या हवेत सुकवायचा होता, पण त्याला दर वेळी तडे जात. पाणी निघताना भोकांच्या भिंती आत ओढल्या जातात म्हणे. सोमवारी सरांना तिन्ही अख्खे दाखवायचे होते आणि ओला तुकडा एकच उरला होता. तो डब्यात घालून गुरुवारी ती परळच्या आमच्या चाळीत आली.

"एसीत घाईने सुकतं ते," मी म्हणालो. "तुझ्या आईचे सांडगे कधी तडकले?"

"बाबा, ती सांडगे करायची. मी पीएचडी करतेय."

"म्हणून तर तडकतात."

मालन सांडगे आधी सावलीत ठेवायची, वर ओलं फडकं ताणून. मला माहीत, कारण राखणीला मी बसायचो आणि अर्धे ओलेच खायचो.

ते फडकं मी काढलं. मालनला जाऊन आठ महिने झाले, मी ते धुतलं नव्हतं. अजून हिंग-मिरचीचा वास येत होता.

"राहू दे, दुसरं घेऊ," अनुजा म्हणाली.

"दुसऱ्याला सवय नाही," मी म्हणालो आणि फडकं नळाखाली धरलं.

डब्याच्या तोंडावर ते बांधून डबा गॅलरीत सावलीला ठेवला. फडकं सुकलं की मी पुन्हा भिजवायचो. दुसऱ्या दिवसापासून एक कोपरा उघडा ठेवला, मग दोन.

"हे खायचं नाही हं," अनुजा रोज जाताना बजावायची.

रविवारी संध्याकाळी तिने तुकडा काढून पट्टीने मोजला.

"निम्मा झाला."

"तडा?"

तिने तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला. "नाही."

मी फडकं नाकाशी नेलं. नुसता नळाच्या पाण्याचा वास. अनुजा माझ्याकडे बघत होती.

"मे महिन्यात सांडगे घालू," ती म्हणाली. "मला जमतील तसे."

"घाल. मी राखायला बसतो."

"मग तेही निम्मेच होणार."