कुशीवर

वीस वर्षं कापूस पिंजणाऱ्याच्या नाकात काय साठणार? तीन वर्षांपूर्वी माझं नाक जे चोंदलं ते चोंदलंच. कपाळ ठणकायचं, झोपताना तोंड उघडं टाकावं लागायचं, आणि वास म्हणाल तर उतू जाऊन करपलेल्या दुधाचाही येत नव्हता. पण हात शाबूत होते. माझ्यासारखी गादी आसपास कोणी भरत नाही, हे मीच सांगतो. दुसरं कोण सांगणार?

घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा पडले, खुबा मोडला आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी त्यांच्यासाठी गादी भरली. निवडक कापूस, वीतभर जाडी, जवळजवळ घातलेले टाके. दुकानात येईल त्याला ऐकवायचो, "या गादीवर माझा बाप आठ महिने पडलाय, पाठीला साधा ओरखडा नाही." आज कोणाकोणाला ऐकवलं ते संध्याकाळी घरी येऊन बाबांनाही सांगायचो. पाठ मी पाहिलीच नव्हती. कुशीवर वळवायला गेलं की बाबा कण्हायचे, म्हणून वळवणं सोडून दिलं होतं. समोरून पुसायचो, खालची चादर ओढून काढायचो, दुसरी सरकवायचो. चादरीवर डाग असायचे. पडून असलेल्या माणसाच्या चादरीवर डाग असणारच.

दोन महिन्यांपूर्वी धाकटी बहीण आली. दारातच तिने नाकाला रुमाल लावला.

"दादा, वास येतोय रे. बाबांना वळवून बघ जरा."

"मी इथे मर मर मरतोय आणि तू पाहुणी येऊन नाक मुरडतेस? एवढा पुळका असेल तर घेऊन जा त्यांना."

ती रडत गेली, ती पुन्हा आली नाही. बरं झालं, असंच मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग एका गिऱ्हाइकाने नाकाच्या दवाखान्याचा पत्ता दिला. चिरफाड नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. टाके नाहीत हे ऐकून माझा विश्वासच बसेना. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत बसवून औषधाच्या बोळ्यांनी नाक बधिर केलं, बारीक नळीवरचा फुगा आत सरकवला आणि फुगवला. कपाळात वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. पाऊण तासात दोन्ही बाजू झाल्या.

"वास लगेच येणार नाही," बाई म्हणाल्या. "मिठाच्या पाण्याने नाक धूत राहा. धीर धरा."

अकराव्या दिवशी दुकानात मशीनला तेल घालताना तेलाचा वास आला. मी वेडाच झालो. कापूस हुंगला, नवं कापड हुंगलं, स्वतःचा सदरा हुंगला आणि हसत सुटलो. भर दुपारी दुकान बंद केलं आणि बाबांना सांगायला घरी पळालो.

कुलूप काढलं आणि तो वास अंगावर आला. उंदीर मेलाय, असं वाटलं. कपाट सरकवलं, मोरी धुतली, कचऱ्याचा डबा बाहेर नेऊन ठेवला. वास हलेना. पलंगाशी आलो की वाढायचा. तरी मी पलंगाखाली वाकून उंदीरच शोधत होतो.

शेवटी उठलो आणि बाबांच्या खांद्याखाली हात घातला.

"नको रे वळवू," बाबा म्हणाले.

वळवलं. माकडहाडापाशी मूठ मावेल एवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. खाली माझ्या गादीत ओल पार आतल्या कापसापर्यंत मुरली होती. मला उलटी झाली. मग इतकी लाज वाटली की त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"बोलला का नाहीत, बाबा?"

"तू सगळ्यांना सांगत होतास ना," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "गादी चांगली आहे म्हणून. चांगलीच आहे रे."

मी गाडी बोलावली, बहिणीला फोन केला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि मला बाजूला घेतलं. हाडापर्यंत गेलीय, विष रक्तात भिनलंय, आता आशा ठेवू नका, म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर वाचवता आलं असतं.

"एवढा वास सुटलाय. घरात कोणालाच आला नाही?"

बहीण धावतपळत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली होती. ती सांगेल म्हणून मी थांबलो. तिने नुसती मान खाली घातली.

"आला होता," मी म्हणालो. "हिला आला होता."